फिश टँकमधल्या शेवाळाला वैतागलेल्या लंडनच्या केमिस्टने औषधाची बाटली नाही, पाच-सहा गोगलगायी आणल्या

घरात नवा फिश टँक आला की पहिले पंधरा दिवस कौतुकाचे असतात. वाळू पसरायची, दुकानदाराने दिलेली चार रोपं खोचायची, मासे सोडायचे, लाईट लावायचा आणि फोटो स्टेटसला ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवट पापुद्रा दिसायला लागतो. मग पानांवर बुळबुळीत थर चढतो आणि पाणी गढूळ होतं. दुकानात गेलं की दुकानदार एक बाटली हातात ठेवतो. चार थेंब टाकले की शेवाळ जातं, दोन आठवड्यांत परत येतं आणि मधल्या मध्ये एखादा मासा उताणा तरंगताना दिसतो.

१८४९ मध्ये लंडनच्या एका केमिस्टला हाच त्रास झाला होता. औषधं आणि रसायनं बनवणारी एक मोठी प्रयोगशाळा त्याच्या ताब्यात होती. राहायलाही तो तिथेच होता. म्हणजे पाण्यात टाकायला काहीतरी शोधायचं म्हटलं असतं तर त्याच्याकडे कपाटंच्या कपाटं भरलेली होती. पण त्याने त्यातलं काही वापरलं नाही. आज आपण ज्याला प्लांटेड टँक म्हणतो, त्याचा पाया त्या निर्णयातून घातला गेला.

त्या केमिस्टचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

वॉरिंग्टन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८०७ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या शीअरनेस या गावातला. हे आरमारी गोदीचं गाव. वडील जहाजांना खाण्यापिण्याचा माल पुरवायचे. शाळा झाली लंडनच्या मर्चंट टेलर्स स्कूलमध्ये आणि पंधराव्या वर्षी पोराला पाच वर्षांसाठी जॉन थॉमस कूपर या केमिस्टकडे शिकाऊ म्हणून ठेवलं गेलं. त्या काळात केमिस्ट होण्याचा रस्ता कॉलेजातून कमी आणि उस्तादाच्या हाताखालून जास्त जायचा. कूपर शिकवायचे आणि सोडियम, पोटॅशियम, आयोडिन असे पदार्थ तयार करून विकायचेही. साहजिकच वॉरिंग्टन यांची केमिस्ट्री पुस्तकातून आली नाही, ती हातातून आली.

१८२८ मध्ये नवी लंडन युनिव्हर्सिटी सुरू झाली, तेव्हा प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांनी त्यांना मदतनीस म्हणून घेतलं. तीन वर्षांनी वॉरिंग्टन चक्क बिअरच्या कारखान्यात गेले. लंडनच्या ट्रुमन, हॅनबरी अँड बक्स्टन या बड्या ब्रुअरीने त्यांना केमिस्ट म्हणून नेमलं आणि १८३९ पर्यंत ते तिथेच होते.

ब्रुअरी सोडली त्याच वर्षी त्यांच्या डोक्यात दुसरंच खूळ शिरलं. लंडनमध्ये इतके केमिस्ट आहेत, पण त्यांची स्वतःची एकही संस्था नाही. पत्रं लिहून, लोकांना भेटून त्यांनी माणसं गोळा केली आणि १८४१ मध्ये केमिकल सोसायटी ऑफ लंडन उभी राहिली. अध्यक्ष झाले थॉमस ग्रॅहम आणि सचिवपदाचं काम पुढची दहा वर्षं वॉरिंग्टन यांनी केलं. आजची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री ही त्याच संस्थेची वारसदार. संस्थेत खुर्चीवर बसणाऱ्याचं नाव राहतं आणि पत्रं लिहिणाऱ्याचं विसरलं जातं. वॉरिंग्टन यांचंही थोडंफार तसंच झालं.

स्फोटाने रिकामी झालेली खुर्ची

लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात अपॉथेकरीज हॉल नावाची इमारत आहे. औषध बनवणाऱ्यांच्या जुन्या संघाचं हे मुख्यालय. तिथल्या प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर औषधं तयार व्हायची. तिचे प्रमुख होते हेन्री हेनेल. जून १८४२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ऑर्डरचं काम करत होते आणि ही ऑर्डर औषधांची नव्हती. बंदुकीच्या ठिणगीसाठी लागणारं मर्क्युरी फल्मिनेट कंपनीला हवं होतं. ते हाताळताना स्फोट झाला आणि हेनेल जागीच गेले.

त्यांच्या जागी वॉरिंग्टन आले. पुढची चोवीस वर्षं, १८६६ पर्यंत, ते तिथेच राहिले.

या काळात त्यांनी चहाच्या व्यापाऱ्यांना चांगलाच घाम फोडला. चीनहून येणाऱ्या ग्रीन टीचा हिरवा-निळसर रंग इंग्रजांना फार आवडायचा. वॉरिंग्टन यांनी ती पानं मायक्रोस्कोपखाली धरली आणि रसायनं लावून तपासली. १८४४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हा रंग पानाचा नाहीच. पानांवर प्रशियन ब्लू नावाचा रंग आणि जिप्समची पूड चढवलेली असायची. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून, म्हणजे चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणणारे तेच फॉर्च्यून, यांनी चिनी कारखान्यांतून या रंगाचे नमुने पाठवले. तेही वॉरिंग्टन यांच्याकडेच तपासणीला आले आणि निष्कर्ष तोच निघाला.

हे सांगायचं कारण असं की हिरवा रंग दिसला की तो आला कुठून हे आधी शोधायचं, ही सवय या माणसाला फिश टँकच्या आधीपासून होती.

दोन गोल्डफिश आणि एक रोप

आता १८४९ च्या लंडनचा विचार करा. त्या साथीत शहरात कॉलऱ्याने सुमारे १४ हजार माणसं मेली. थेम्स नदीत शहराची सगळी घाण जायची आणि त्याच नदीचं पाणी कित्येक घरांत प्यायला यायचं. पाण्यात नेमकं काय असतं, पाणी खराब कसं होतं, हे प्रश्न तेव्हा हौसेचे नव्हते.

मासे पाळणं तेव्हाही होतं, पण ते काचेच्या गोल भांड्यात. पाणी सारखं बदलायचं, विसरलं की मासा मेला. वनस्पती उजेडात असताना हवा ताजी करतात, हे जोसेफ प्रिस्टली आणि यान इंगेनहाउझ यांच्या प्रयोगांमुळे केमिस्ट मंडळींना सत्तरएक वर्षांपासून माहीत होतं. मासा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. रोप उजेडात उलटं करतं. मग बंदिस्त पाण्यात दोघांना एकत्र ठेवलं आणि पाणी बदललंच नाही, तर हिशोब जुळेल का?

वॉरिंग्टन यांनी एक मोठं काचेचं भांडं घेतलं. त्यात पन्नास-साठ लिटर पाणी मावलं असतं, पण ते अर्धंच भरलं, तेही साध्या झऱ्याच्या पाण्याने. तळाला वाळू आणि चिखल टाकला. माशांना लपता यावं म्हणून दगड रचले. वरच्या तोंडावर तांब्याच्या तारेच्या कड्याला पातळ मलमल ताणून ती झाकली, कारण लंडनच्या हवेत कोळशाची काजळी इतकी होती की झाकण नसतं तर पाणी काळं पडलं असतं. आत दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप.

व्हॅलिस्नेरिया आजही फिश टँकच्या दुकानात स्वस्तात मिळतं. लांब, रिबनीसारखी पानं असतात ती. आपल्याकडच्या तळ्या-नद्यांतही ही वनस्पती उगवते. हिची मादी फुलं स्प्रिंगसारख्या देठावर पाण्याच्या वर येतात, म्हणून शास्त्रीय नावात स्पायरॅलिस आहे.

सुरुवातीला सगळं मस्त चाललं. मासे तरतरीत, पाणी स्वच्छ.

मग जुनी पानं सडायला लागली.

प्लांटेड टँक करणाऱ्यांना हे पाठ असतं. नव्या पाण्यात लावलेलं रोप आधीची पानं सोडून देतं आणि मुळं धरली की नवी पानं काढतं. टँकचे ग्रुप असतात तिथे याला मेल्टिंग म्हणतात. वॉरिंग्टन यांच्या भांड्यात ती पानं कुजली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर, पाण्याच्या पृष्ठभागावर हिरव्या शेवाळाचा चिकट थर चढला. हे असंच चालू दिलं तर मासे वाचणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं.

हिशोब कागदावर तर बरोबर होता. मासा आणि रोप यांची देवाणघेवाण चालू होती. मग बिघडलं कुठे? वॉरिंग्टन यांच्या लक्षात आलं की कागदावर मरणारं पान धरलेलंच नव्हतं. खऱ्या तळ्यातही पानं कुजतात, तरी तळं दर महिन्याला नासत नाही. म्हणजे तिथे कुणीतरी ही घाण खाणारं असलं पाहिजे.

त्यांनी सडलेली पानं काढली आणि तळ्यात सापडणाऱ्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. शंखाचं टोक अणकुचीदार असलेली ही जात, नाव लिम्निया स्टॅग्नॅलिस. गोगलगायींनी काचेवरचा थर खरवडून खाल्ला, कुजका पाला खाल्ला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. शिवाय त्यांनी भरपूर अंडी घातली. त्यांतून निघणारी पिल्लं गोल्डफिशच्या पोटात जाऊ लागली. जे रोपाला नुकसान करत होतं त्याचंच आता माशाचं खाणं झालं.

मार्च १८५० मध्ये हा सगळा प्रकार त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडला. ते पहिले होते का? नाही. नॅथॅनियल वॉर्ड आणि इतर काहींनी पाण्यातली रोपं आणि जीव एकत्र ठेवून पाहिले होते. फ्रान्सच्या जान विलप्र-पॉवर यांनी तर १८३२ मध्येच समुद्री जीवांसाठी काचेच्या टाक्या बनवल्या होत्या. पण टाकी चालते कशी, बिघडते कशी आणि बिघडल्यावर काय केलं की सुधारते, हे कारणांसकट लिहिणारे वॉरिंग्टन. त्यांच्या लेखातला सगळ्यात कामाचा भाग फसलेल्या प्रयोगाचा आहे आणि तो त्यांनी लपवला नाही.

आता बाटलीचं बघू. शेवाळ मारणाऱ्या अनेक औषधांत तांब्याची संयुगं असतात. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं मोरचूद हे त्यातलंच. तलावांतलं शेवाळ मारायला ते वापरण्याची पद्धत अमेरिकेत १९०४ च्या सुमारास पुढे आली. ते शेवाळ मारतं हे खरं, पण गोगलगायी आणि कोळंबी याच्या अगदी थोड्या प्रमाणालाही मरतात. शेवाळ मेलं की तेही पाण्यातच कुजतं आणि त्याचं खत पुढच्या शेवाळाला मिळतं. म्हणजे जे शेवाळ खातात ते मेले आणि शेवाळाचं खाणं तेवढं वाढलं. दोन आठवड्यांनी शेवाळ परत येतं ते यामुळे.

उजेडाचं गणित

वॉरिंग्टन पुढे समुद्राच्या पाण्याकडे वळले आणि तिथे गंमत झाली. खाऱ्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया जगत नाही. रोपाचं काम करायला त्यांना समुद्री शेवाळच वापरावं लागलं. तपकिरी आणि लाल जातींनी दगा दिला, त्या पाण्यात टिकेनात. कामाला आल्या त्या उल्वासारख्या हिरव्या जाती. जे गोड्या पाण्याच्या काचेवरून खरवडायचं होतं, त्याचाच भाऊबंद इथे टाकी जगवत होता. आणि काच साफ ठेवायला इथेही गोगलगायच लागली, फक्त समुद्री.

उजेडाचा मुद्दाही याच वर्षांतला. चारही बाजूंनी काच असलेली टाकी खिडकीत ठेवली की उजेड सगळीकडून येतो. खऱ्या तळ्यात तो फक्त वरून येतो. म्हणून वॉरिंग्टन यांनी मागची बाजू तिरकी असलेली टाकी तयार केली, ज्यात दगड रचून मागचा उजेड अडवता येई. आजही टँकमध्ये शेवाळ झालं की जाणकार आधी लाईट किती तास चालू असतो तेच विचारतात. सहा ते आठ तास पुरतात. हौसेने बारा-चौदा तास चालू ठेवला, तर रोपाला वापरता येत नाही तेवढा उजेड उरतो आणि तो शेवाळाच्या पथ्यावर पडतो. टँक खिडकीत ठेवला असेल तर मग बोलायलाच नको.

दरम्यान इंग्लंडला वेड लागलं होतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द घराघरात गेला. बैठकीच्या खोलीत टाकी असणं ही प्रतिष्ठा झाली. समुद्रकिनारे लोकांनी बादल्या घेऊन अक्षरशः ओरबाडले. नाव गॉस यांचं झालं. ते लिहायचेही सुरेख आणि चित्रंही स्वतः काढायचे. वॉरिंग्टन यांच्या कामाची कबुली त्यांनी दिली, पण वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिलं ते गॉस यांचं पुस्तक.

वॉरिंग्टन मात्र टाकीसमोर बसून नोंदी करत राहिले. गोगलगायी अंडी कुठे घालतात, काटेमासा घरटं कसं बांधतो, यावर त्यांचे लेख छापून येत राहिले. १८६४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. दोन वर्षांनी त्यांनी अपॉथेकरीज हॉलचं काम सोडलं आणि १७ नोव्हेंबर १८६७ रोजी डेव्हनच्या बडली सॉल्टर्टन या गावी त्यांचं निधन झालं. वय साठ.

हिशोबात एक घोळ होता

मासा, रोप, गोगलगाय. वॉरिंग्टन यांच्या मते तिघांत चक्र पूर्ण होत होतं. पण तसं नव्हतं.

मासा फक्त कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याच्या कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडतो आणि तो माशाला विष असतो. कुजणाऱ्या पानांतूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया गोगलगायी काही खात नाहीत. रोपं तो घेतात, पण नुकतं लावलेलं, मुळं न धरलेलं रोप किती घेणार? शेवाळाला मुळं धरायची नसतात, पानं काढायची नसतात. अन्न आणि उजेड मिळाला की ते लगेच वाढतं. नव्या टँकमध्ये तिसऱ्या आठवड्यातच हिरवळ का दिसते, याचं उत्तर यात आहे.

ऑक्सिजनचा हिशोबही जरा भाबडा होता. टाकीतला बराचसा ऑक्सिजन रोपांकडून येत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेतून येतो. न्यूयॉर्कचे जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये, म्हणजे वॉरिंग्टन यांच्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, संतुलित टाकी ही कल्पना मिथक असल्याचं लिहिलं. रोपं पुरेशी आहेत म्हणून कितीही मासे भरायचे, असं करणाऱ्यांचे मासे मरत होते, म्हणून त्यांना ते लिहावं लागलं.

पण मग वॉरिंग्टन यांचे गोल्डफिश जगले कसे?

मासे दोनच होते. पृष्ठभाग मोठा आणि हवेला मोकळा होता. शिवाय तळाला चिखल होता. त्या चिखलात जे होतं, त्याचा माग काढण्यात पुढे ज्या माणसाचं आयुष्य गेलं, तो टाकी मांडली गेली तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा त्यांचा मुलगा.

१८३८ मध्ये जन्मलेला धाकटा रॉबर्ट वडिलांच्याच प्रयोगशाळेत केमिस्ट्री शिकला आणि शेतीच्या संशोधनात गेला. इंग्लंडच्या रॉथमस्टेड इथे त्याने १८७० च्या दशकापासून एकच प्रश्न धरला. मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं? हे काम मातीतले जिवाणू करतात हे फ्रान्सच्या श्लेसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टनने वर्षानुवर्षं प्रयोग करून सांगितलं की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळ्या जातीचे जीव ते करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढून दाखवायचं मात्र त्याला जमलं नाही. तो ज्या जिलेटिनवर ते वाढवू बघत होता, त्यावर ते वाढतच नव्हते. सर्गेई विनोग्राडस्की यांनी जिलेटिन सोडलं आणि १८९० च्या सुमारास बाजी मारली.

आज नव्या टँकमध्ये मासे सोडण्याआधी महिना-दीड महिना थांबायला सांगतात ते या जिवाणूंसाठी. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये त्यांची वस्ती व्हायला तेवढा वेळ लागतो. तोच स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली खळखळून धुतला की वस्ती उठते आणि दोन-चार दिवसांत अमोनिया चढतो. म्हणून स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, पिवळं पडलेलं पान दिसलं की कात्रीने कापून बाहेर काढायचं, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं.

गोगलगायींच्या बाबतीत मात्र वॉरिंग्टन यांचा सल्ला आता जसाच्या तसा कुणी घेत नाही. त्यांची लिम्निया शेवाळ संपलं की कोवळी रोपंही कुरतडते. तिच्याऐवजी दुकानात नेराइट मागायची. ती काचेवरचं शेवाळ खाते, रोपांना हात लावत नाही आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे टँकभर पिल्लंही होत नाहीत.